चव्वेचाळीस इंचांची टोपी

हसायचं असेल तर आधीच पोटभर हसून घ्या, नंतर चहा नाकात जायला नको. मी जो घोळ घातलाय ना, त्यावरून कोरगावात अजून लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात, "सर, टोपी बरी आसा न्ही?" आणि मी तर कधी टोपी घालत नाही हो!

सगळं सुरू झालं माझ्या सासऱ्यांच्या आंघोळीपासून.

आमच्याकडे गिझर आहे. पण न्हाणीत चूल आहे आणि चुलीवर तांब्याचं मोठं भाणही आहे. नारळाची सोडणं जाळून तापवलेल्या पाण्याची सर गिझरला नाही, असं माझी बायको सुनीता म्हणते, आणि तिच्या वडिलांना तर दुसरं पाणी अंगाला लागतच नाही. चुलीच्या वर विटांचं गोल धुरांडं आहे. छपराच्या बाहेर दोन हात गेलेलं, आणि वरून सताड उघडं.

गेल्या वर्षी चवथीच्या, गणपतीच्या सणाच्या, आधी मामा, म्हणजे सासरे, गणपतीवरच्या माटोळीला बांधायची फळं घेऊन कारापूरहून आले. पिशव्या ठेवल्या आणि थेट न्हाणीत. धुरांड्यातून पाऊस गळून चूल कधीच विझली होती, पण पाणी गरम होतं. मामांनी डोक्याला साबण लावला, डोळे मिटले, आणि काजळी उडवत, घसरत, धप्पकन एक कांडेचोर खाली! कांडेचोर म्हणजे तुमचं ते उदमांजर.

डोळ्यांत साबण. त्यांना वाटलं, आत मीच आलो.

"जावयबापू, पाठ चोळूची गरज नाय," असं ते त्याला म्हणाले म्हणे.

मग हाताला शेपूट लागली.

पुढचं वर्णन करत नाही, शेवटी सासरे आहेत. पंचा गुंडाळून अंगणात उभं राहून त्यांनी एवढंच जाहीर केलं, "ह्या धुरांड्याक टोपी बसल्याशिवाय मी ह्या घरात न्हावचो ना!" आणि माणूस शब्दाचा पक्का. वर्षभरात आले नाहीत. फोनवर बोलायचे, पण आमच्याकडे येण्याचा विषय काढला की त्यांना खोकला यायचा.

या वर्षी चवथ जवळ आली तशी सुनीता एकदम गप्प झाली. एकदा भाजी चिरता चिरता म्हणाली, "एका जनावरामुळे माझे वडील माझ्या घरी येत नाहीत. त्यांचं वय काय कमी होतंय का?"

आता सांगा, एवढं ऐकल्यावर कुठला नवरा गप्प बसेल?

"अहो, एक पत्रा आडवा घाला, वर चार विटा ठेवा. झालं," सुनीता म्हणाली.

पत्रा? विटा? छे! मी चार दिवस मोबाइलवर धुरांड्याच्या टोप्यांचे व्हिडिओ बघत होतो. छत्रीसारखी टोपी, वाऱ्याने गरगर फिरणारी टोपी, दोन मजली टोपी. जगात एवढ्या टोप्या असतात हे मला माहीतच नव्हतं. शाळेत मधल्या सुट्टीतसुद्धा मी दुसरं काही बोलत नव्हतो. शेवटी ठरलं. वर स्टीलची छत्री, पाऊस अडवायला. खाली भोवतीने जाळी, जनावर अडवायला. जाळीतून धूर आरामात बाहेर. खाली चार पाय, पक्के.

पेडण्याला मल्लाप्पाचं वेल्डिंगचं दुकान आहे. मूळचा बेळगावकडचा, हाताला सफाई, बोलायला गोड. त्याला फोन केला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "करून देतो की सर. गोल किती हाय तेवढं सांगा."

मी शिडी लावून छपरावर चढलो. सुनीताची शिवणकामाची टेप घेतली, धुरांड्याला मिठी मारून भोवतीने नीट गुंडाळली. तिथूनच फोन लावला.

"चव्वेचाळीस."

पलीकडे वेल्डिंगचं मशीन बंद झालं.

"चव्वेचाळीस इंच, सर?"

"मग काय फूट?"

"तसं नव्हे. घरचंच धुरांडं हाय न्हवं? फॅक्टरीचं न्हाई ना? मी एकदा येऊन बघून जातो की."

बघा, देवमाणूस दारात येऊन वाचवायला तयार होता! आणि मी काय म्हणालो?

"मल्लाप्पा, मोजमापाच्या बाबतीत तू मला शिकवू नकोस."

तो बिचारा म्हणाला, "बरं सर. पाऊस तिरका येतोय म्हणून बाजूनं वीत वीत वाढवून करतो."

वाढव म्हटलं!

चवथीला चार दिवस राहिले होते. पिकअप आली. आधी ती वळणावर दिसली आणि मला वाटलं, कोणाच्या तरी लग्नाचा मंडप चाललाय. मग ती आमच्याच अंगणात शिरली. मागे दोऱ्यांनी बांधलेली, पाच फूट रुंद, चकचकीत स्टीलची, भोवती जाळी लावलेली अशी ती वस्तू. लहान मुलांसकट एक कुटुंब तिच्यात राहिलं असतं.

शेजारचा दत्ताराम कुंपणापाशी आला. "सर, ह्या काय? देवळाचो कळस?"

"टोपी," मी म्हटलं.

"कोणाची?"

मल्लाप्पाने गाडीतून उतरून आधी धुरांड्याकडे पाहिलं, मग टोपीकडे, मग माझ्याकडे.

"सर, हे धुरांडं चौदा इंच रुंद असेल."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो रुंदी विचारत होता. मी घेर सांगितला होता!

कबूल करायचं ना? सोपं होतं. पण कुंपणापाशी दत्ताराम, दारात सुनीता, ती कमरेवर हात ठेवून. माझ्या तोंडून निघालं, "हो. मला अशीच पाहिजे होती."

"अशी?" सुनीता म्हणाली.

"पाऊस तिरका येतो ना. शास्त्र आहे त्यात."

"सर, वारा धरंल ही," मल्लाप्पा काकुळतीला आला. "परत नेतो, कापून लहान करतो."

"बसव तू!"

त्याने चारही पाय आत वाकवले, पट्ट्या आवळल्या, तारा बांधल्या. जाताना दोनदा मागे वळून बघितलं. आजारी माणसाला घरात एकटं सोडून जावं तसं.

मी लगेच मामांना फोन केला. "टोपी बसली!" दुसऱ्या दिवशी दुपारी ते हजर. अंगणात थांबून त्यांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दमदार आसा," ते म्हणाले. "हत्तीय पडचो नाय आत."

सुनीता कितीतरी दिवसांनी हसली. तिने स्वतः चूल पेटवली, मामा न्हाणीत गेले, आणि मी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो. स्वतःवर असा खूश, म्हणून सांगू!

तेवढ्यात पश्चिमेकडून वारा सुटला आणि सर आली. आधी वरून "भूँऽऽ" असा आवाज आला, एखादं विमान सुरू करावं तसा. मग "कर्रर्र". मग एक तार तुटली, टण्ण! दुसरी, टण्ण! मी अंगणात धावलो आणि वर पाहतो तर टोपी धुरांडं सोडून उठली. खरंच उठली हो! माझ्या डोक्यावरून, पेरूच्या झाडावरून, सरळ दत्तारामच्या परसात.

धडाम्!

"परत आयलो तो!" आतून मामा ओरडले. पण मला ते ऐकूही आलं नाही. कारण दोन मिनिटांपूर्वीच मी दत्तारामच्या बायकोला, शेवंतीवहिनीला, त्याच जागी कोंबड्यांना दाणे घालताना पाहिलं होतं.

कुंपण कसं ओलांडलं, आठवत नाही. टोपी चिखलात पालथी बसली होती. आणि तिच्या कडेला, अर्धी आत, अर्धी बाहेर, वहिनींची निळी चप्पल.

"वहिनी!"

पाऊस नुसता कोसळत होता.

"वहिनी ओऽऽ!"

मी ती टोपी उचलायला गेलो, ती हलेना. खोटं सांगत नाही, त्या क्षणी सगळं डोळ्यांपुढे आलं. दत्ताराम कुंपणाशी, मल्लाप्पा "वारा धरंल" म्हणतोय, आणि मी माझा तोरा सोडत नाहीये. एका शब्दासाठी! "चुकलं" एवढा एक शब्द म्हणालो असतो तर!

"सर, कितें जालां? पावसात कित्याक भिजतास?"

वळून पाहिलं. मागच्या दारात वहिनी उभ्या, पायांत काही नाही, हातात दाण्यांचं सूप. पावसाचा थेंब पडल्याबरोबर त्या आत पळाल्या होत्या. चिखलात रुतलेली चप्पल राहू दे म्हणून सोडली होती.

मी तिथेच चिखलात बसकण मारली. हसू आलं की रडू, कोण जाणे. बहुतेक दोन्ही. "वहिनी, तुम्ही आहात," एवढंच चार-पाच वेळा म्हणालो. त्या घाबरून नवऱ्याला हाका मारायला लागल्या.

टोपीखालून आवाज आला, "कॉक्." मग दुसरा, "कॉक् कॉक्." दत्तारामने वाकून जाळीतून आत पाहिलं आणि मोजलं. सहा कोंबड्या, एक कोंबडा, सगळे कोरडे ठणठणीत. त्याच्या कोंबड्या तो कांडेचोर अधूनमधून पळवत होता, हे तेव्हा मला कळलं.

"सर," तो हळूच म्हणाला, "तुमका नको जाल्यार ही हयच ऱ्हांव दे."

ऱ्हांव दे म्हटलं! जन्मभर ऱ्हांव दे!

मागे वळलो तर कुंपणाशी मामा. पंचा, साबण, आणि डोक्यावर आकाशातून पडणारं पाणी. सुनीता त्यांच्यावर छत्री धरून उभी. आता हे पिशव्या उचलून कारापूरला निघणार, असं मी धरूनच चाललो होतो. पण त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "चल, जावयबापू. आज तुझी पाठ मी चोळतंय."

संध्याकाळी मी मल्लाप्पाला फोन करून सगळं खरं सांगितलं. "चुकलं रे माझं." म्हणताना केवढं हलकं वाटलं! दुसऱ्या दिवशी तो स्वतः छपरावर चढला. पट्टी धुरांड्यावर आडवी ठेवली, चौदा इंच बरोबर, आणि चवथीच्या आदल्या दिवशी छोटीशी, नेटकी टोपी बसवून दिली. पाऊस येत नाही, कांडेचोर येत नाही, धूर छान बाहेर जातो. मामा चवथीनंतरही आठ दिवस राहिले, रोज दोनदा न्हाले.

काम झाल्यावर मल्लाप्पा चहा पीत व्हरांड्यात बसला. सुनीता गरम पोळे, म्हणजे आमच्याकडचे डोसे, घेऊन आली. तेवढ्यात त्याने अगदी सहज, मनात काही नसताना विचारलं, "सर, शाळेत तुम्ही विषय कंचा शिकवता?"

सुनीताने तोंड उघडलं. मी तिच्याआधी बोललो.

"मराठी," मी म्हटलं.

तुमच्यापासून काय लपवायचं? बावीस वर्षं मी दहावीला गणित शिकवतोय.