भाऊजी पाण्यात बसले

बदलापूरच्या मांजर्लीत पुराचं पाणी कमरेला लागलं होतं. समोरच्या इमारतीच्या जाळीच्या दाराला आतून कुलूप. माझ्या हातात वरवंटा, घरातून निघताना तेवढाच सुचला. आणि दाराला पाठ लावून उभे आमचे भाऊजी म्हणतात, "वहिनी, कुलूप फोडणं हीसुद्धा हिंसाच!"

माझ्या या धाकट्या दिराइतका शांत माणूस बदलापुरात झाला नाही, आणि इतका ताप देणाराही. एकदाच नगरसेवक झाले. प्रचारात विरोधकाची सभा असली की आपली सतरंजी त्याला नेऊन देत. शाळेच्या संडासासाठी तीन दिवस उपोषणाला बसले. ज्या साहेबाच्या दारात बसले तो रजेवर आहे हे चौथ्या दिवशी कळलं. अंबरनाथच्या एका पोरीचं जातीबाहेर लग्न लावून दिलं, तर तिच्या बापानं भाऊजींच्या कानफटात मारली. भाऊजी म्हणाले, "हात दुखला असेल, बसा, चहा घ्या." तो बसला. दोन वर्षांनी धाकट्या पोरीचं लग्नही त्यानं भाऊजींनाच लावायला सांगितलं. गाल मी शेकला, त्याचं कोणाला काही नाही.

तर त्या दुपारी आमची सगळी चाळ पोरंबाळं खांद्यावर घेऊन त्या जाळीपुढे उभी. आत जिन्यावर इमारतीचा सेक्रेटरी. म्हणाला, "एकदा वर घेतलं की चाळीतली माणसं परत जायची नाहीत."

"अरे, जायला चाळ तरी राहतेय का?" मी ओरडले आणि वरवंटा उचलला.

भाऊजींनी काय करावं? कमरेइतक्या पाण्यात बसकण मारली. पाणी गळ्याला. पोहायला येत नाही तो माणूस! "माणसं आत घ्या, मग उठतो. तुमच्यावर राग नाही माझा."

"साहेब, उठा हो, बुडाल!" सेक्रेटरी जिन्यावरून ओरडला.

एक लाट आली, भाऊजींच्या नाकातोंडात गेली. ते खोकले, आणि पुन्हा तिथंच बसले. सेक्रेटरी धडपडत खाली आला, पण घाईत किल्ली कुलपात जाईना. शेवटी त्याच्या बायकोनं ती हिसकावून दार उघडलं.

गच्चीवर पोचल्या पोचल्या, ओल्या कपड्यांनी कुडकुडत, भाऊजींनी सेक्रेटरीच्या आभाराचा ठराव मांडला. मी हात वर केला नाही. आजही करणार नाही.

भाऊजी पुढं काही वर्षांनी साध्या तापानं गेले. तिरडीला पुढचा खांदा सेक्रेटरीचा होता, आणि तो आमच्यापेक्षा जास्त रडला.

चाळीतले आम्ही बावीस जण त्या दिवशी गच्चीवर चढलो. बावीसही जगलो.