संशयी मॅडम

कुणीही “झालं” म्हटलं की ती चष्मा कपाळावर सरकवायची आणि विचारायची, “कशावरून?”

ऐंशीच्या दशकात साकीनाक्याच्या एका गाळ्यात आमची कॉम्प्युटरची छोटी कंपनी होती. विक्रोळीहून येणारी ती आमच्यातली सर्वांत जुनी प्रोग्रामर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पंखा बंद केल्यावर पुन्हा बटण चाचपून बघणारी. कँटीनवाल्याने “ताजा आहे” म्हणून दिलेला वडा ती मोडून हुंगायची. तो बिचारा तोंड फिरवून उभा.

औषधांच्या एका गोदामासाठी केलेला आमचा प्रोग्राम रोज दुपारनंतर मान टाकायचा. माल अडकायचा, फोनवर शिव्या यायच्या. शेवटचे बदल मी केलेले, त्यात मी नवा. वडिलांची गिरणी बंद, घर माझ्या पगारावर चाललेलं.

“ह्याला शनिवारी मोकळा करतो,” साहेब सगळ्यांदेखत म्हणाले.

“कशावरून?” तिने विचारलं.

“मग आणखी कोण असणार?”

“शनिवारपर्यंत मला शोधू द्या ना.”

प्रोग्राम चालताना मशीनकडून मेमरी मागून घेतो, काम झालं की ती परत करायची असते. प्रोग्रामचा कुठला तरी भाग ती परत करत नाहीये, म्हणून दुपारपर्यंत मेमरी संपते, असा तिचा संशय. पण नुसता प्रोग्राम वाचून चोर सापडेना. मग तिने मेमरी देणाऱ्या आणि परत घेणाऱ्या फंक्शनांच्या, म्हणजे प्रोग्रामच्या छोट्या तुकड्यांच्या, वाटेत स्वतःची फंक्शनं बसवली. प्रत्येक मागणी आधी तिच्याकडे यायची, कुणी घेतली, कुणी सोडली ते स्क्रीनवर उमटायचं, मगच पुढे जायची. त्या आठवड्यात तिने मला टर्मिनलला हातही लावू दिला नाही. “तू लांब बस रे.” मी लांबून तिची पाठ बघत होतो. हीच मला अडकवतेय, असं वाटू लागलं होतं.

शुक्रवारी जेवणानंतर तिने साहेबांना बोलावलं. स्क्रीनवर एकाच फंक्शनचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं. मी डोळे मिटले.

“हे फंक्शन माझं,” ती म्हणाली. “घेतलेली मेमरी मीच सोडली नाहीये. ह्याची चूक नाही.”

साहेब केबिनमध्ये गेले. माझी नोकरी राहिली. तिच्याकडची महत्त्वाची कामं मात्र हळूहळू दुसऱ्यांकडे गेली आणि पुढच्या वर्षी तिने कंपनी सोडली.

शेवटच्या दिवशी मी तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो. धीर करून म्हणालो, “मॅडम, तुमचा माझ्यावर विश्वास होता, म्हणून वाचलो.”

“विश्वास?” ती चालता चालता थांबली. “छे रे! सगळ्यात जास्त संशय तुझ्यावरच होता. पण खात्री नव्हती ना.”

बस आली. ती चढली, खिडकीशी बसली आणि माझा चेहरा बघून खळखळून हसली. त्यानंतर ती मला कधी भेटली नाही.