न खाल्लेली कणीक

टिब्बी गावाच्या सडकेवर जो गुरुद्वारा आहे, तिथं दुपारच्या पंगतीला बसलेला ट्रकवाला घास मोडायच्या आधी रोटी बोटांनी दाबून बघायचा. मऊ लागली, पापुद्रा सुटला, की शेजारच्याला म्हणायचा, "आज मलकीत बीबी आत आहे." आणि तो बहुधा चुकायचा नाही, कारण मलकीत कौर रोजच आत असायची.

लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा हातात अजून लाल चुडा होता. सासूनं, बचिंत कौरनं, तिला धरून लंगरच्या, म्हणजे गुरुद्वाऱ्यातल्या पंगतीच्या, स्वयंपाकघरात नेलं. खाटेएवढा लांब तवा, त्याच्या भोवती बसलेल्या बाया, आणि परातीत डोंगरासारखी कणीक. बचिंत कौर स्वतः वर्षानुवर्षं तव्याच्या अगदी जवळ बसत आली होती. गुडघे गेले तशी तिनं ती जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही. सुनेचे खांदे दाबून तिला तिथं बसवलं आणि म्हणाली, "हे माझं सिंहासन. सांभाळ."

मलकीतनं ते सांभाळलं. कणीक तिंबताना तिचे खांदे असे हलायचे की विहिरीवरचा रहाट फिरतोय असं वाटावं. उंड्याला हात लावला की तो गोल, लाटणं फिरवलं की चकती कडेपासून मध्यापर्यंत एकसारखी. लाटताना ती मूठ मूठ कोरडं पीठ उधळायची. दुपारी घरी जाताना तिच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या, आणि वाटेत भेटणारी माणसं त्या भुवयांनाच नमस्कार करायची.

मग ती वाळायला लागली. पोट नगाऱ्यासारखं फुगायचं आणि हातपाय काड्यांसारखे. पंजाबी सूट अंगावर चढवला की खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. केस फणीत यायचे. आधी कुणी म्हणालं बेंबी सरकली, तर सुईणीनं तेल लावून पोट चोळलं. कुणी म्हणालं नजर. नवरा दलबारा सिंग कापणीचं कम्बाइन चालवायचा, हंगामात मुलूखभर फिरायचा. एकदा तीन महिन्यांनी परत आला आणि दारात उभ्या असलेल्या बायकोला त्यानं क्षणभर ओळखलंच नाही. दुसऱ्याच दिवशी तो तिला लुधियान्याला घेऊन गेला.

तिथल्या डॉक्टरणीनं रक्त घेतलं, घशातून नळी घातली, आणि सांगितलं, "गहू बंद. आयुष्यभर. या आजाराला सिलिॲक म्हणतात. औषध एकच, गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये. जवसुद्धा नको. काहींना थोडंसं चालून जातं, तुम्हाला तेवढंही सोसायचं नाही."

जिथं दाराबाहेर गहू, कोठीत गहू आणि माणसाच्या बोलण्यातही गहू, अशा घरात हे ऐकून बेबे, म्हणजे बचिंत कौर, खाटेवर बसलीच. "गहू नाही? मग काय खायचं, चारा?"

पण मलकीत हट्टाची. तिनं आपला तवा वेगळा केला, परात वेगळी, पोळपाट-लाटणं वेगळं. गावच्या चक्कीवर गव्हाच्या पाठोपाठ मका पडतो, पिठात पीठ मिसळतं, म्हणून तिनं गोठ्यात पडलेलं बेबेचं जुनं जातं काढलं, धुतलं, त्याला टाकी लावून घेतली. त्यावर ती स्वतःपुरता मका दळायची. बाजारच्या हिंगात मैदा असतो असं डॉक्टरणीनं सांगितलं, तर हिंगाची डबी दाराबाहेर गेली.

"हिंगात मैदा!" बेबे म्हणाली. "जन्मभर फसवलं की मेल्यांनी."

दलबारा पुढच्या फेरीत महाराष्ट्राच्या बाजूनं आला तो ज्वारीचं पोतं घेऊन. "तिकडच्या बाया याची हातावर थापून भाकरी करतात. मी नीट बघून आलोय," म्हणून तो स्वतः चुलीपाशी बसला. त्याची भाकरी तव्यावर जायच्या आधी नकाशासारखी फाटली. बेबे हसून हसून खोकली. "कम्बाइन चालव तू, पुत्तर. तेवढंच येतं तुला."

गुरुद्वाऱ्यात कडाह प्रसाद मिळतो, तोही गव्हाच्याच पिठाचा शिरा. नाही कसं म्हणायचं? मलकीत ओंजळ पुढं करायची, प्रसाद डोक्याला लावायची आणि तसाच बेबेच्या ओंजळीत द्यायची. मग नळावर जाऊन राखेनं हात धुवायची. सुनेच्या आजारानं सासूचा प्रसाद दुप्पट झाला, असं शेजारची शामो म्हणायची.

असं वर्ष गेलं. अंगावर मांस काही चढलं नाही. लुधियान्याला पुन्हा रक्त तपासलं तर आजाराचा आकडा जिथं होता तिथंच.

डॉक्टरणीनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बीबीजी, मी पोलीस नाही. मला खरं सांगा. खाता का?"

"नाही."

"एखादं बिस्कीट? लग्नाबिग्नात शेवया?"

"गुरूची आण आहे. कणभर नाही."

"आणेनं आकडा उतरत नाही हो." डॉक्टरणीचा आवाज मऊ होता, पण त्यात विश्वास नव्हता. "पुढच्या वेळीही असंच निघालं तर दाखल करावं लागेल. मग एकतर आतड्यात दुसरं काही वाईट आहे, नाहीतर जड औषधं. ती औषधं हाडं खातात, आणि तुमची हाडं आधीच पापडासारखी झालीत."

परतीच्या बसमध्ये दलबारा तिच्याकडे झुकला. मग हळूच म्हणाला, "कीते, खाल्लं असशील तर खाल्लं म्हण. भूक आहे, ती काही चोरी नव्हे. मी रागावणार नाही."

मलकीतला वाटलं, यापेक्षा यानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मरणाचं भय होतंच, पण त्याच्यापेक्षाही जास्त तिला बोलाचं लागलं. जिनं आयुष्यात कुणाच्या शेतातला ऊस विचारल्याशिवाय मोडला नाही, तिला तिचा नवरा प्रेमानं खोटारडी म्हणत होता.

घरी बेबेनं तर एका शब्दानं काही विचारलं नाही. गव्हाच्या पिठाच्या डब्याला तिनं कुलूप घातलं आणि किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली.

हळूहळू मलकीतचा स्वतःवरचाही विश्वास उडायला लागला. एका सकाळी चहा देताना तिनं नवऱ्याला विचारलं, "अहो, मी झोपेत उठून काही खाते का हो?"

"तू झोपतेस कुठं?" दलबारा म्हणाला. "रात्रभर कण्हत तर असतेस."

इकडं बेबेनं पहारा सुरू केला. मलकीत म्हशीला वैरण घालायला गेली की बेबे गोठ्याच्या भिंतीआड. मलकीत शामोकडे विरजण मागायला गेली की मागून काठीचा ठकठक आवाज.

"मलकीते," शामो ओरडून म्हणाली, "तुझी सासू पोलिसात भरती झाली का गं? वर्दी कधी मिळणार?"

"चोर सापडला की मिळेल," बेबे भिंतीआडून म्हणाली.

 विरजणाची वाटी हातात घट्ट धरून मलकीत घरी आली, आणि जात्यापाशी बसून तिनं इतका मका दळला की दोन दिवस पुरून उरला.

घरात, गोठ्यात, शेजारी, कुठंच काही सापडेना. मग बेबेच्या डोक्यात आलं की रोट्या जिथं ढिगानं भाजल्या जातात आणि सून अजूनही रोज जाते, ती लंगरची एकच जागा उरली. गुडघे गेल्यापासून ती दरबारात माथा टेकून पाठ ऐकत बसायची, स्वयंपाकघराच्या पायऱ्या चढायची नाही. त्या दिवशी चढली. प्रत्येक पायरीवर वाहेगुरू म्हणत चढली आणि थेट तव्याजवळ, सुनेच्या समोर, उलट्या बादलीवर जाऊन बसली.

"बेबे, इथं कशाला? धूर लागेल," मलकीत म्हणाली.

"लागू दे. माझंच सिंहासन आहे. बघायला नको?"

बायांनी माना खाली घातल्या आणि हसू दाबलं. मलकीतचे कान तापले. पण उंडे वाट बघत होते. तिनं पिठाची मूठ घेतली, पोळपाटावर उधळली, आणि लाटणं फिरायला लागलं. समोरच्या दोघी तीच मूठ उधळत होत्या, पलीकडे एकजण पोतं परातीत झटकत होती. बेबे पापणी न लववता सुनेच्या हाताकडे बघत बसली. हात तोंडाकडे जातो का? एकदाही गेला नाही. कपाळावरचा घामसुद्धा मलकीतनं खांद्यानं पुसला.

बेबेच्या तोंडात दात नाहीत. तिला सवय आहे, विचार करताना जीभ हिरड्यांवरून फिरवायची. ती फिरवली आणि जीभ अडकली. काहीतरी चिकट होतं. तिनं पुन्हा चाटून पाहिलं. बोट घालून बाहेर काढलं, डोळ्याजवळ धरलं. पांढरी, मऊ, चिकट कणीक.

तिनं सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

बेबेनं चष्मा काढला. काचांवर पीठ. ओढणी झटकली, पीठ उडालं. मग तिनं सुनेकडे पाहिलं, पांढऱ्या भुवया, पांढऱ्या पापण्या, आणि ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत साचलेली पांढरी रेघ.

"मलकीते! तोंड उघड."

"बेबे, लोकं बघतायत."

"बघू देत. उघड म्हणते ना!"

सगळ्या बाया थांबल्या. तव्यावर एक रोटी करपायला लागली. मलकीतनं डोळ्यांत पाणी आणून तोंड उघडलं, आणि सासूनं तिच्या जिभेवरून बोट फिरवून ते सगळ्यांसमोर धरलं.

"हा बघा चोर! माझी सून खात नाही. हवा तिला भरवते. रोज भरवते, घास घास भरवते, आणि आम्ही तिला खोटं पाडतो!"

मलकीतला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं मान हलवली. "असं कसं होईल, बेबे? हे गुरूच्या घरचं पीठ. ते कुणाला बाधेल?"

"पीठ शेतातून येतं, पुत्तर. तुझ्याच नवऱ्यानं कापलेल्या गव्हाचं. गुरूच्या घरी आलं म्हणून त्याचा गहूपणा जातो होय?"

संध्याकाळी दलबारानं डॉक्टरणीला फोन लावला. सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "रोज लाटतात? पोत्यांनी? अहो, उडालेलं पीठ तासन्‌तास हवेत राहतं. नाकातून, तोंडातून घशात उतरतं. मी घरातलं सगळं विचारलं, बाहेर काय खाता विचारलं, बाहेर काय करता हे विचारायचंच राहिलं. बीबीजींना सांगा, चूक त्यांची नाही."

फोन मोठ्या आवाजावर होता. मलकीत अंगणात खाटेवर बसून ऐकत होती. "चूक त्यांची नाही" हे शब्द कानी पडले आणि तिला हसू आलं. आधी थोडं, मग पोट धरून. डोक्यावरचा गवताचा भारा खाली टाकल्यावर मान जशी आपोआप वर उठते, तशी तिची मान उठली. ती वेडी नव्हती. झोपेत उठून चोरी करत नव्हती. आतड्यात बहुधा दुसरं काही नव्हतं. साधं पीठ होतं, डोळ्यांसमोर उडणारं.

दलबारा तिच्यासमोर उकिडवा बसला. "कीते, बसमध्ये मी जे बोललो..."

"जाऊ द्या हो," ती डोळे पुसत म्हणाली. "तुमची भाकरी खाल्ली, तेव्हाच सगळं सोसायची सवय झाली."

दुसऱ्या दिवशी मात्र तिचे पाय सवयीनं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथं थांबले. आतून लाटण्यांचा खडखडाट येत होता. तिच्या जागेवर शामो बसली होती.  हे सोडणं गहू सोडण्यापेक्षा अवघड होतं. गहू तर तिनं पोटासाठी सोडला, हे हात कुठं ठेवायचे?

गुरुद्वाऱ्यात पाठ करणाऱ्या ग्रंथी भाईजींनी तिला पाहिलं. म्हणाले, "बीबी, बाहेर जोड्यांच्या खोलीत माणूस हवाय. संगतीचे, आलेल्या भाविकांचे जोडे सांभाळायचे, पुसायचे. यापेक्षा मोठी सेवा मला तरी ठाऊक नाही."

तेव्हापासून ती तिथं बसू लागली. शेतकऱ्याचे चिखलाचे बूट, ट्रकवाल्यांच्या झिजलेल्या चपला, लेकरांच्या इवल्याशा सॅंडली. ती फडक्यानं एकेक पुसायची. इथंही धूळ उडायची, पण ती मातीची, अन् मातीनं तिचं कधी काही बिघडवलं नव्हतं. जोडे न्यायला आलेले ट्रकवाले कुरकुरायचे, "आज रोटी जाड होती, बीबी." मलकीत चेहरा गंभीर ठेवून ऐकायची. मनातून मात्र सुखावायची. मग न राहवून खिडकीकडे तोंड करून ओरडायची, "शामो, पाणी वाढव गं! उंडा आहे की वीट?"

"तूच ये की मग!" आतून उत्तर यायचं, आणि दोघी आपापल्या जागी हसायच्या.

महिने गेले तसं पोट बसलं. गालांवर रंग आला. सुटाच्या बाह्या पुन्हा भरल्या. म्हशीची बादली उचलताना मध्ये टेकवावी लागेना. तरीही लुधियान्याला जायचा दिवस जवळ आला तसं तिला भय वाटायला लागलं. आकडा उतरला नसला तर? मग पुन्हा तेच डोळे, तोच मऊ आवाज.

डॉक्टरणीनं कागद पाहिला आणि तोच टेबलावरून तिच्याकडे सरकवला. "बीबीजी, एवढा उतरलेला आकडा मी क्वचित बघते. दाखल व्हायचं नाही. औषधं नाहीत. घरी जा."

दलबारानं बसमध्ये तो कागद कितीदा तरी उलगडला आणि दुमडला. त्याला वाचता येत होतं तेवढं त्यानं वाचलं, येत नव्हतं त्यावर बोट फिरवलं.

घरी पोचल्यावर मलकीत कागद हातात धरूनच अंगणात आली. बेबे चुलीपाशी होती. मलकीतचा वेगळा तवा चढवलेला, जात्यावरचा मका मळलेला. म्हातारी हातावर रोटी थापत होती.

"आलीस? हात धू. भूक लागली असेल."

मलकीत उभीच राहिली. "बेबे, रिपोर्ट आलाय."

"येऊ दे."

"बघायचा नाही? काय निघालं विचारायचंही नाही?"

बेबेनं रोटी तव्यावर टाकली आणि हाताला चटका बसला म्हणून बोट कानाच्या पाळीला लावलं. "त्यात काय विचारायचं? तू खात नाहीस, हे मला ठाऊक आहे."

मलकीतनं कागद नवऱ्याच्या हातात दिला. नळावर जाऊन हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, जरा जास्तच वेळ मारलं. मग चुलीपाशी मांडी घालून बसली. मक्याची रोटी, वर मोहरीच्या पाल्याचा साग, त्यावर लोण्याचा गोळा. एक रोटी तिनं संपवली. मग ताट पुढं केलं आणि दुसरी मागितली.