उंच तान आणि मोखाड्याची शेवटची जीप

माझ्या बायकोचा कार्यक्रम मी एकट्याने, बसल्या जागेवरून, नुसत्या तोंडाने बंद पाडला. (एका म्हाताऱ्या ऑर्केस्ट्राची थोडी मदत झाली, पण श्रेय वाटून घ्यायची मला सवय नाही.)

श्रावणातला रविवार होता. जव्हारच्या आमच्या मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये दुपारचा कार्यक्रम ठेवला होता. आधी नाशिकचा 'सूरधमाल ऑर्केस्ट्रा', मग सुनंदाच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या, गटाचे मंगळागौरीचे खेळ. पाऊस सुरू झाल्यापासून आमच्या घरात तालीम चालली होती. वर पिंगा सुरू झाला की खाली माझ्या स्टेशनरीच्या दुकानात वह्यांच्या थप्प्या कोसळायच्या! गटातल्या निम्म्या बायका मोखाड्याच्या. "त्यांची शेवटची जीप सहाला सुटते. साडेपाचला आमचा नंबर लागलाच पाहिजे," असं सुनंदाने मंडळाला, ऑर्केस्ट्राला आणि मला बजावून सांगितलं होतं. मंडळाने ऐकलं. ऑर्केस्ट्राने ऐकलं.

माझा जीव अडकला होता ऑर्केस्ट्राच्या विलासकुमारांत! या गायकापायी मी कॉलेजात केस मानेपर्यंत वाढवले होते आणि वडिलांनी ते मी झोपेत असताना कापले होते. आता विलासकुमार सत्तरीपार. केस काळेभोर, इतके काळे, की शर्टाची कॉलरही काळी झालेली. अकॉर्डियनवाल्यांना पूर्वी सुरात कंप आणायला हात मुद्दाम थरथरवावा लागे. आता ती सोय आपोआप झाली होती. ड्रमवाले दोन ठोक्यांच्या मध्ये एक डुलकी काढत होते. आणि आवाज? आवाज तोच! म्हणजे, उरला होता तेवढा तोच.

शेवटी आलं ते माझं लाडकं, उंच तानेचं गाणं. तान जवळ आली तशी विलासकुमारांनी खुर्ची धरली आणि माइक चपळाईने माझ्या तोंडासमोर आणला. "आता रसिकांनी!"

मी पहिल्या रांगेत. उठलो, डोळे मिटले आणि सोडली तान!

"कुणाची म्हैस अडली रे?" मागून कुणीतरी विचारलं.

असल्या अरसिकांकडे मी लक्ष देत नाही. "वन्स मोअर!" मी गरजलो.

विलासकुमारांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला कृतज्ञतेची वाटली. गाणं पुन्हा झालं. तान पुन्हा मीच मारली. तेवढ्यात विंगेत नऊवारी नेसलेली सुनंदा दिसली. तिने एक बोट वर केलं. मला भरून आलं. इतक्या वर्षांच्या संसारात बाईला पहिल्यांदाच संगीत कळलं होतं! अजून एक? तर अजून एक!

"वन्स मोअर!"

मग तिने हात हवेत गरागरा फिरवला. म्हणजे पुन्हा! "वन्स मोअर!" मग तिने कपाळावर हात मारून घेतला. (तालात नव्हता, पण मी तिकडे दुर्लक्ष केलं.) "वन्स मोअर!" आता हॉलमधल्या टवाळांनाही चेव चढला. सगळेच ओरडू लागले. विलासकुमार धापा टाकत म्हणाले, "साहेब, आता अख्खं कडवंच तुम्ही म्हणा." मी म्हटलं!

इतक्यात बाहेर हॉर्न वाजला आणि जीपवाला काशिनाथ थेट हॉलमध्ये शिरला. "ओ मोखाड्याच्या बाया! चला ना! घाटात धुकं उतरलंय, मंग रस्ता दिसायचा नाय!"

"थांब रे, तान येतेय!" मी म्हणालो.

पडदा पडला. पडद्यामागून सुनंदा आली.

"अहो, मी बोट कशाला दाखवत होते?"

"अजून एक म्हणून!"

"एकच मिनिट उरलंय म्हणून! आणि हात फिरवला तो आवरा म्हणून! पाऊस सुरू झाल्यापासून घाम गाळला आम्ही!" तिचे डोळे भरले होते. मोखाड्याच्या बायका नटूनथटून जीपकडे निघाल्या होत्या.

मी धावत काशिनाथला गाठलं. हात जोडले. त्याने बायकांचे चेहरे पाहिले, धुकं पाहिलं आणि जीपचे दिवे लावले. "काय करायचं ते हितंच करा. लवकर!"

आणि शाळेच्या फाटकात, जीपच्या उजेडात, फुगड्या सुरू झाल्या! अख्खा हॉल बाहेर येऊन उभा राहिला. विलासकुमारही खुर्ची घेऊन आले. सुनंदाची फुगडी अशी गरगरली की काशिनाथ घड्याळ विसरला. खेळ संपला. आता मनापासून दाद द्यावी म्हणून मी छाती भरून घेतली, तोंड उघडलं...

नुसती हवा! घसा ठार बसलेला.

"बघितलंत?" सुनंदा सगळ्यांना म्हणाली. "परक्यासाठी ताना, आणि माझ्या वेळेला मौनव्रत!"

पुढचा आठवडाभर माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. शेवटी मंडळाचा फोन आला, तो सुनंदाने घेतला.

"छे हो, नाराज कसली?" ती म्हणाली. "घरात इतकी शांतता लग्नानंतर पहिल्यांदाच मिळतेय. पुढच्या वर्षीही याच ऑर्केस्ट्राला बोलवा, आणि यांना पुन्हा पहिल्याच रांगेत बसवा!"