नकाशांचे पत्ते ठेवणारे साडभाऊ

आमच्या साडभाऊंसारखा संशयी माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि गंमत म्हणजे त्यांचा संशय कोणत्याच माणसावर नसतो, फक्त माहितीवर असतो. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात कुडव्याला, आणि सरकारच्या एका भल्यामोठ्या कामात जिल्ह्यापुरते राबतात. देशातल्या कोणत्या कचेरीकडे कोणता नकाशा आहे, तो कोणी केला, कधी केला, कितपत बिनचूक आहे आणि मागितला तर मिळेल का, याची एक राष्ट्रीय नोंदणी तयार होते आहे. एका खात्याने मोजलेला तलाव दुसऱ्याने पुन्हा मोजत बसू नये म्हणून. नकाशे त्यात नसतात, नकाशांचे पत्ते असतात. हे त्यांनी आमच्या सासऱ्यांना समजावलं, तेव्हा ते धान वाळवता वाळवता म्हणाले, "म्हंजे जेवन नाही देत तुमी, जेवन कोनाच्या घरी हाये तेवढं सांगता." साडभाऊंना हे इतकं पटलं की पुढच्या बैठकीत त्यांनी ते साहेबांसमोर जसंच्या तसं सांगितलं.

या कामापायी त्यांना खोड जडली ती कायमची. बाजारात भाजीवाली म्हणाली, "आज का ताजा पालक है, भैया," की हे विचारणार, "आज कब का? किसने तोडा?" ती म्हणते, "लेना है तो लो, नहीं तो आगे बढो." भाच्यासाठी मुलगी बघायला गेलो तर यांनी पोह्यांची बशी खाली ठेवून मुलीच्या बापाला विचारलं, फोटो कोणत्या साली काढला. एकदा देवरीच्या स्टँडवर कोणीतरी सांगितलं, बस गेली. साडभाऊंनी त्याला थांबवलं. "तुमी सोता पाहिली जाताना, का ऐकून सांगून राहिले?" ही चौकशी चालू असताना आमच्या पाठीमागून पुढचीही बस गेली. मी डोक्यावर तांदळाचं पोतं घेऊन शेजारी उभा होतो आणि बसकडे पाठ करून त्या माणसाचं उत्तर ऐकत होतो, म्हणजे दोघांत जास्त शहाणा कोण हे वाचकांनीच ठरवावं.

माझी नोकरी पाण्याच्या खात्यातली. कचेरीचं नाव सांगत नाही, साहेब वाचतात. साडभाऊंची पत्रं आमच्याकडे यायची, की आपल्याकडे कोणकोणते नकाशे आहेत ते कळवावे. मी दर वेळी "निरंक" लिहून परत पाठवायचो. सरकारी भाषेत निरंक म्हणजे आमच्याकडे काही नाही. खऱ्या भाषेत, उठून कपाट उघडायचा कंटाळा आहे. सगळ्या नोकरीत एखादा शब्द मी मनापासून लिहिला असेल तर तो हाच.

साडभाऊंना मात्र एक नकाशा खरोखर हवा होता. त्यांचं जन्मगाव ते मांडीवर असतानाच धरणाखाली गेलं. त्यांना काही आठवत नाही, पण त्यांची आई अजून त्याच गावात राहत असल्यासारखी बोलते. तिला आता अंधूक दिसतं आणि डॉक्टरांनी फार आशा दाखवलेली नाही. नजर आहे तोवर तिला कागदावर का होईना तिचं गाव दाखवावं, म्हणून हा माणूस धरणापूर्वीच्या मोजणीचा नकाशा शोधत कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत होता. प्रत्येक कचेरी त्यांना दुसरीकडे पाठवायची.

मागच्या पोळ्याआधी ते पत्राऐवजी स्वतःच आमच्याकडे आले. मी चहा मागवला आणि छातीठोकपणे सांगितलं, "साडभाऊ, आमच्याकडे खरंच काही नाही जी." त्यांनी कप उचलला आणि तसाच हातात धरून माझ्या टेबलाकडे पाहत राहिले. लाकूड खराब होऊ नये म्हणून माझ्या आधीच्या बाबूने टेबलावर एक जाड पिवळट कागद अंथरून खिळे ठोकले होते. त्यावर मी रोज डबा खायचो, चहा सांडायचो आणि त्याच्यावरच हात टेकून निरंक लिहायचो. हळदीच्या डागांखाली शेतांचे धुरे होते, पायवाटा होत्या, घरांचे चौकोन होते, गावाचं नाव होतं. मला ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"कायले झाकून ठेवलं जी माझं गाव?" साडभाऊ एवढंच म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं. मी पक्कड शोधायला धावलो, तर कचेरीत तीही निरंक.

साहेबांची परवानगी काढून संध्याकाळी आम्ही तो कागद कुडव्याला नेला. नोंदणीत नकाशातल्या चुकांचा एक रकाना असतो, त्यात माझा एकेक डाग लिहीन, अशी तंबी साडभाऊंनी वाटेतच दिली होती. आईने कागद नाकाला लागेल इतका जवळ ओढला आणि बोट फिरवत फिरवत एका गोल तपकिरी रेघेवर आणून थांबवलं.

"हे पाय रे, आपली बोडी," ती म्हणाली. "इथंच भांडे घासू मी."

ती माझ्या चहाच्या कपाची खूण होती. गावाची खरी बोडी, म्हणजे तिथलं छोटं तळं, तिथून वीतभर दूर होती. मी जीव मुठीत धरून साडभाऊंकडे पाहिलं, कारण एवढी मोठी चूक त्यांनी आजवर कोणाची सोडली नव्हती. ते आईजवळ खाली बसले.

"हो माय," ते म्हणाले. "तेच."

"पानी रायते का रे तिच्यात आता बी? उनाराभर आटून जाये."

साडभाऊंनी कागदाची उलटलेली कड तळहाताने सपाट केली.

"रायते ना माय," ते म्हणाले. "आता बाराही महिने रायते."