चाळीस नानखटाया

मला एका जागी स्वस्थ बसता येत नाही, हे सासरी पहिल्याच महिन्यात सगळ्यांना कळून चुकलं होतं. पण त्या दिवाळीत माझ्यापेक्षा जास्त येरझारा सासूबाईंनी घातल्या. स्वयंपाकघरातून ओटीवर, ओटीवरून उंबऱ्यापर्यंत, आणि तिथून परत. उंबरा ओलांडायची त्यांना वर्षभर बंदी होती.

सासरे चैत्रात गेले. नंदुरबारच्या मिरची बाजारात ते मापाडी होते. माझे यजमान रेल्वेत, महिन्यातले वीस दिवस भुसावळला. त्यामुळे घरात आम्ही दोघीच. लढाईचे दिवस होते, साखर रेशनवर मिळत होती, आणि दोघींपैकी एकीलाही धड झोप लागत नव्हती.

दुःखाच्या घरात पहिल्या दिवाळीला चुलीवर कढई चढत नाही. फराळ गल्लीने आणून द्यायचा, त्या घराने मुकाट्याने घ्यायचा आणि ताटली धुऊन रिकामी परत करायची. एरवी आमच्या गल्लीत रिकामी ताटली कुणी परत करत नसे. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालत. मी शहाद्याकडच्या एका मळ्यात वाढले. शेजारचं घर हाकेच्याही पलीकडे, त्यामुळे ही ताटल्यांची देवघेव मला नवीन होती आणि खरं सांगायचं तर थोडी जाचकच वाटायची.

वसुबारसेला शेजारून पहिली ताटली आली. शेव, दोन करंज्या, चार शंकरपाळे. सासूबाईंनी ती घेतली, धुतली, पुसली आणि माझ्या हातात दिली. रिकामी. त्यानंतर त्या दिवसभर एका जागी टेकल्या नाहीत. वीस वर्षं दिवाळीला गल्लीतली घरं त्यांच्या नानखटाईची वाट बघायची, आणि आता त्यांनी नुसतं घेत बसायचं. मला तो अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तो सासूबाई परातीत तूप फेसायला बसलेल्या.

मी म्हटलं, "आत्याबाई, वरीस शे ना?"

"कढई चढावानी नही, इतलंच सांगेल शे," त्या मान वर न करता म्हणाल्या. "भट्टीनं कोनी काही सांगेल नही."

भट्टी म्हणजे कोपऱ्यावरच्या पाववाल्याची. घराघरांतून बायका पिठाचे गोळे पत्र्यावर मांडून तिकडे पाठवत. भट्टीवाला मुसलमान, पण नानखटाईत पाण्याचा थेंब नसतो, नुसतं तूप, म्हणून ती चालते, अशी पळवाट गल्लीतल्या बायकांनीच फार पूर्वी काढून ठेवली होती. एका पळवाटेला दुसरी जोडली तर बिघडलं कुठे, हा सासूबाईंचा हिशेब. पत्रे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी असे. आमची खूण म्हणजे सासऱ्यांच्या छटाकाच्या वजनाचा गोल ठसा. सासूबाईंनी चाळीस गोळ्यांवर चाळीस ठसे उमटवले.

दरवर्षी पत्रा खांद्यावरून न्यायचे ते सासरे. परत येईपर्यंत चाळीसच्या अडतीस झालेल्या असत. सासूबाई मोजायच्या, भांडायच्या, आणि सासरे मिशी पुसत म्हणायचे की भट्टीत दोन जळाल्या. यंदा पत्रा मी आणला. सासूबाईंनी मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

"पुऱ्या चाळीस भरन्यात," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. मग त्यातल्या दोन काढून त्यांनी एका डब्यात ठेवल्या. कुणासाठी, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

चार ताटल्या भरल्या, वर फडकं घातलं आणि परात माझ्या डोक्यावर दिली. चार घरं. त्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.

पहिलं घर लागूनच. शेजारच्या काकूंनी फडकं उचललं, ठसा बघितला आणि फडकं जसंच्या तसं खाली सोडलं. "वरीस सरनं नही अजून, माय. यंदा आम्ही देवानं, तुम्ही लेवानं. परत लई जाय." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. दुसऱ्या घरी तेच, फक्त जरा गोड बोलून. तिसऱ्या घराची पायरी मी चढलेच नाही.

भरल्या ताटल्या घेऊन मी घरी कशी जाणार होते? अंगाचा नुसता भडका उडाला होता. गल्लीचा राग, सासूबाईंच्या हट्टाचा राग, हे असं घर दाखवलं म्हणून बापाचासुद्धा राग. मिरच्यांच्या गाड्यांमधून ठसकत दोन चकरा मारल्या आणि पाय भट्टीच्या मागच्या दाराशी थांबले. भट्टीवाल्याची बायको भांडी घासत होती. मी चारी ताटल्या तिच्यापुढे ठेवल्या आणि सांगून टाकलं, सासूबाईंनी पाठवल्या.

तिने हात धुतले, पुसले. एक नानखटाई उचलून ठशावरून बोट फिरवलं. "बीस साल से हमारी भट्टी में से जाती है," ती म्हणाली. "घर में आज आई."

ताटल्या रिकाम्या करून ती काहीतरी आणायला आत वळली. "रुको," असं म्हणालीसुद्धा. पण मला धीर कुठला! ताटल्या उचलल्या, नळावर धुतल्या आणि घर गाठलं.

सासूबाई उंबऱ्याशीच होत्या.

"समदासनी लिध्यात, आत्याबाई," मी म्हटलं. "वाखानी वाखानी खाध्यात."

त्यांनी ताटल्या हातात घेतल्या. एक बघितली, तिच्याखालची बघितली. "चारीबी रिकाम्या?"

"हा."

"मंग कोनीच लिध्या नहीत, पोरी."

मला तेव्हा कुठे उमगलं. खोटं बोलायला निघाले आणि चिमूटभर साखर टाकायची विसरले. मी रडायला लागले. त्या रागावल्या नाहीत, नानखटाया कुठे गेल्या तेही विचारलं नाही. फक्त येरझारा घालत राहिल्या. त्यांनी एकदा बसावं म्हणून मी देवाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीवाल्याची बायको दारात आली. गल्लीतल्या चार जणी पाण्याला निघालेल्या, त्यांच्यादेखत. हातात ताटली, ताटलीत खारका आणि कागदाच्या पुडीत साखर. तीही रेशनचीच, त्यांच्या वाट्याची.

"कल बहू रुकीच नहीं," ती सासूबाईंना म्हणाली. "खाली थाली कैसे जाने देती?"

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, आणि सगळं समजल्या. खारका आणि साखर आत ठेवून त्या रिकामी ताटली घेऊन थांबल्या. रीतीप्रमाणे ती तशीच परत द्यायची होती. त्या आत गेल्या. डब्याचं झाकण वाजलं. बाहेर आल्या तेव्हा ताटलीत त्या दोन नानखटाया होत्या.

"मन्हा घरवालान्या शेत," त्या म्हणाल्या. "दर साल भट्टीवरच दोन खाई ले."

भट्टीवाल्याच्या बायकोने मान हलवली. "दो नहीं, भाभी," ती म्हणाली. "भाई एक खाते थे. दूसरी हर साल हमारे इनके हाथ पर रखते."

तिने एक नानखटाई उचलून सासूबाईंच्या तळहातावर ठेवली आणि दुसरी आपल्या ताटलीत राहू दिली.

चैत्रापासून सासूबाईंच्या तोंडात गोड गेलं नव्हतं. ती नानखटाई त्यांनी तिथेच उंबऱ्यात, सगळ्या गल्लीसमोर, सावकाश खाल्ली. मग त्या खाली बसल्या.