भैरवनाथाच्या नावाचं दुकान

परवा आमच्या विट्याच्या वाचनालयातल्या जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या रद्दीत काढल्या. सोनं गाळायला परमुलखात गेलेली इथली माणसं सुट्टीला येताना त्या आणून देत. कुबट कागदाचा वास आला आणि सखूबाई आठवल्या.

मी तेव्हा वाचनालयाच्या नोकरीत नवी होते. गल्लीतल्यांना हवी ती माहिती शोधून द्यायचे. सखूबाईंच्या नवऱ्याचं सोनं गाळायचं दुकान कोइमतूरला होतं. सहा महिने पत्र नव्हतं.

"जित्तं हायती का, तेवढं बगा बाई."

मी तिथल्या डिरेक्टरीत त्यांचं आडनाव दोनदा शोधलं. सापडेना. त्या वैतागल्या.

"आवं, दुकानाला आडनाव कोण देतंय? गावचा देव बगा की! भैरवनाथ!"

भैरवनाथाखाली नंबर निघाला. मी तो फिरवून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. पलीकडून पुरुषाचा आवाज मलाही ऐकू आला, "हॅलो? हॅलो?" सखूबाईंनी ऐकलं आणि फोन ठेवून दिला.

"अहो, बोला तरी!"

"त्यांचाच आवाज हाय. हात धड असतील तर लिवतील पत्र. मी न्हाई बोलायची."

एवढी खटपट फुकट गेली म्हणून मी चिडले होते. आता कळतं, त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं होतं. पुढचं ऐकायची घाई माझी होती.